गाणे संपल्यावर घर कोण शोधते?

पुण्याच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"माझे वय 34 आहे. एका सहकारी बँकेत मी गेली नऊ वर्षे अधिकारी आहे. माझे पती वाहन उद्योगात अभियंता असून त्यांना जर्मनीत श्टुटगार्टजवळ ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर) नोकरी मिळाली आहे आणि त्यांना जानेवारीत रुजू व्हायचे आहे. मुलगी सात वर्षांची, दुसरीत शिकते. तिघांनीही एकदमच निघावे आणि मी या महिन्यातच राजीनामा द्यावा, असा त्यांचा आग्रह आहे. घर, शाळा, दवाखाना, इथला फ्लॅट, सासूबाईंचे औषधपाणी यांविषयी काही विचारले की 'तिथे गेल्यावर सगळे आपोआप होते' एवढेच उत्तर मिळते. आम्हा दोघांनाही चित्रपटांचे वेड. लग्नाआधीपासून परदेशातली गाणी पाहताना 'एक दिवस आपणही' असे आम्ही म्हणत आलो. आता तो दिवस आला तर मी वहीत याद्या करत बसते आणि ते म्हणतात की मी स्वप्नावर पाणी ओतते. मी खरोखरच भित्री आहे का? पोळपाट-लाटणे न्यावे की नाही, यावरूनही आमचे वाजले आहे."

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुम्ही भित्र्या नाही. तुमच्या वहीत उतरलेल्या गोष्टी म्हणजे चित्रपटांनी कापून टाकलेला भाग आहे, आणि तो भाग प्रत्यक्षात कुणाला तरी करावाच लागतो. परदेशी जाण्याचा कोणताही लोकप्रिय प्रसंग आठवून पाहा. नेमणुकीचे पत्र येते, आईच्या डोळ्यांत पाणी येते, ती बॅगेत साजूक तुपाची बरणी ठेवते, विमान ढगांत शिरते आणि पुढच्याच दृश्यात नायिका नदीवरच्या पुलावरून चालत असते. संध्याकाळी ती ज्या घरात शिरते तिथे दिवा लागलेला असतो, खिडकीला पडदे असतात, फ्रिजमध्ये दूध असते. तो दिवा कुणी विकत आणून छताला लावला, घराची किल्ली कोणत्या कागदावर सही करून मिळाली, अनामत रक्कम कोणत्या खात्यातून गेली, हे सारे विमान आणि खिडकी यांच्या मधल्या एका कटमध्ये संपून जाते. तुमच्या संसारात तो कट आठ-नऊ महिन्यांचा असणार आहे, आणि त्या काळात कोणी काय करायचे हे अजून ठरलेलेच नाही. (ती तुपाची बरणीही प्रत्यक्षात नेता येत नाही. युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे आणि खव्याची बर्फी घरीच ठेवा.)

चित्रपट बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही, पण ते असे का दाखवतात हे समजून घेण्यासारखे आहे. चित्रीकरणासाठी गेलेली मंडळी काही आठवड्यांच्या परवानगीवर जातात, हॉटेलात उतरतात, ठरलेल्या ठिकाणी काम करतात आणि परततात. कॅमेरा तिथे पर्यटक म्हणून जातो, आणि पर्यटकाला जे दिसते तेवढेच तो आपल्यापर्यंत आणतो. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनला यश चोप्रांचा पुतळा उभा आहे, कारण त्यांच्या चित्रपटांमुळे भारतीय प्रवाशांची तिकडे रीघ लागली. प्रवाशाला निसर्ग, पूल आणि आगगाडी पुरते, राहायला जाणाऱ्याला पुरत नाही. 2012 सालच्या 'इंग्लिश विंग्लिश'मध्ये पुण्याच्या गृहिणीची व्हिसासाठीची मुलाखत आणि परक्या शहरात कॉफी मागतानाची तिची तारांबळ दाखवली आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते, परंतु तीसुद्धा बहिणीच्या मांडलेल्या घरी, लग्नकार्यापुरती गेलेली असते.

मला खरी हानी वाटते ती वेगळीच. या चित्रपटांत घराचे भाडे किती, शाळेचे काय, असे विचारणारे पात्र बहुधा कठोर वडील किंवा कुरकुरणारी आत्या असते, आणि ज्याचे प्रेम खरे, तो काहीच न विचारता निघतो. वर्षानुवर्षे हेच पाहिल्यामुळे प्रश्न विचारणे म्हणजे उत्साह कमी असणे, असे आपल्या मनात बसून जाते. तुमचे पती तुम्हाला दुखवण्यासाठी बोलत नसावेत. त्यांच्या मनातले चित्र पुलापासून सुरू होते आणि तुमचे विमानतळावरच्या सामानाच्या पट्ट्यापासून, एवढाच फरक आहे.

मी स्वतः लग्नानंतर काही वर्षे त्याच भागात राहिले आहे, म्हणून आता त्या कटच्या आत काय असते ते सांगते.

आरंभ घरापासून होतो, कारण तिथले बाकी सगळे घरावर अवलंबून आहे. जर्मनीत राहत्या पत्त्यावर आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नाव नोंदवावे लागते. या नोंदणीला 'आनमेल्डुंग' म्हणतात, आणि तिच्यासाठी तुम्ही खरोखर तिथे राहायला आला आहात असे घरमालकाचे लेखी पत्र लागते. नोंदणी झाली की कर क्रमांक टपालाने येतो, आणि तो मिळण्यास उशीर झाला तर पगारातून अधिक दराने कर कापला जाऊ शकतो. निवास परवान्यासाठी आणि शाळेसाठीही हाच पत्ता लागतो. घर मिळवण्यासाठी मात्र घरमालक मागच्या तीन महिन्यांच्या पगारपत्रिका आणि पतनोंदीचा दाखला मागतो, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाजवळ या दोन्ही गोष्टी नसतात. म्हणून जवळजवळ सगळेच आधी काही आठवडे किंवा महिने सामानासह मिळणाऱ्या तात्पुरत्या जागेत राहतात. तिचे भाडे जास्त असते आणि अशा प्रत्येक जागेत पत्ता नोंदवता येईलच असे नाही. जागा ठरवण्यापूर्वी पहिला प्रश्न हाच विचारायला पतींना सांगा.

कायमचे घर मिळाल्यावर ते मोकळे असते, आणि मोकळे म्हणजे किती, याची कल्पना मला नव्हती. आम्ही दार उघडले तेव्हा छतातून वायरी लोंबत होत्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून नळजोडणीचे एक टोक बाहेर आलेले होते; ओटा, शेगडी, भांडी घासायचे सिंक, काहीच नव्हते. तिथे अनेक घरांत मागचा भाडेकरू आपला ओटा काढून नेतो किंवा नव्याला विकतो. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. तिथली मराठी माणसे 'काल्ट किती, वार्म किती' असे विचारतात, कारण मूळ भाडे (काल्ट) आणि तापवणी, पाणी, जिन्याची देखभाल धरून होणारे भाडे (वार्म) यांत बराच फरक असतो. समजा मूळ भाडे 1,200 युरो असेल, तर अनामत 3,600 युरोंपर्यंत जाईल. त्यात पहिले भाडे आणि ओट्याचा खर्च धरा, आणि पगार महिन्याच्या शेवटी होतो हेही धरा. शिवाय नेमणूकपत्रावरचा आकडा हातात येत नाही. नुसत्या निवृत्तिवेतन विम्याचा कर्मचाऱ्याचा वाटा 9.3 टक्के आहे. आरोग्य, बेरोजगारी व शुश्रूषा विमा आणि आयकर त्याशिवाय वजा होतात. पतींना निव्वळ पगाराचा आकडा काढायला सांगा आणि घराचा विचार त्याच आकड्यावर करा.

एक लहान गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तिने आम्हाला फार छळले. टपालपेटीवर आडनाव नसेल तर टपाल परत जाते. पहिले तीन आठवडे आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव होते, बँकेचे गुप्त क्रमांकाचे पत्र दोनदा परत गेले, आणि आमच्याकडे पैसे असूनही काढता येत नव्हते. किल्ली हातात पडल्याच्या दिवशी कागदाची चिठ्ठी का होईना, पण नाव चिकटवा. घंटीवरही आणि पेटीवरही.

आता तुमच्या राजीनाम्याविषयी. या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. जर्मनीत नव्या नोकरीचा परिवीक्षा काळ सहा महिन्यांपर्यंत असू शकतो आणि त्या काळात दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांच्या सूचनेवर करार संपवता येतो. पतींचा निवास परवाना त्या नोकरीवर आणि तुमचा त्यांच्या परवान्यावर उभा असणार आहे. काही वाईट घडेल असे मी मुळीच म्हणत नाही. बहुतेकांचा हा काळ सुरळीत जातो. पण नऊ वर्षांची नोकरी त्या सहा महिन्यांच्या आधी सोडण्याचे कोणतेही कारण मला दिसत नाही. त्यांनी जानेवारीत पुढे जावे, तात्पुरत्या जागेत राहावे आणि घर शोधावे. तुम्ही तोवर बँकेत राहा, सेवानियमांत बिनपगारी रजेची तरतूद किती महिन्यांची आहे ते लेखी विचारून घ्या, आणि जाताना शक्य असेल तर राजीनाम्याऐवजी रजा घ्या. पुढे राजीनामा दिलाच, तर पाच वर्षांहून अधिक सेवेमुळे उपदान (ग्रॅच्युइटी) तुमच्या हक्काचे आहेच.

या सल्ल्याची किंमतही आहे. दोन घरांचा खर्च होईल. तुम्ही भारतात असेपर्यंत तिथे त्यांना अविवाहितांच्या वर्गानुसार कर बसेल. मुलीला वडील रोज फोनवरच दिसतील. आठ महिने एकमेकांपासून दूर राहणे सोपे नसते आणि ते सोपे आहे असे भासवण्याची माझी इच्छा नाही. तरीही रिकाम्या घरात, थंडीत, भाषा येत नसताना लहान मुलीसह बसून राहण्यापेक्षा हे अंतर सोसण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुलीच्या शाळेचे वेळापत्रकही याच बाजूने बोलते. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट जिथे आहे तिथे, शाळेचे वर्ष सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. ती इथली दुसरी एप्रिलमध्ये पूर्ण करील, उन्हाळ्यात आजीजवळ राहील, आणि तिथे वर्षाच्या आरंभी सगळ्या मुलांबरोबर वर्गात बसेल. जानेवारीत नेली तर अर्ध्या वर्षात, अंधाऱ्या सकाळी, एकही शब्द कळत नसताना बसेल. सरकारी शाळा विनामूल्य आहे, प्राथमिक शाळा साधारणपणे पत्त्यानुसार ठरते, आणि भाषा न येणाऱ्या मुलांसाठी त्या राज्यात तयारीचे वर्ग असतात. घरी बसवून शिकवण्याची मुभा तिथे नाही, म्हणून 'शाळा नंतर बघू' हे चालणार नाही. अनेक प्राथमिक शाळा दुपारीच सुटतात, तेव्हा दुपारनंतरच्या पाळणाघराची चौकशी पत्ता मिळाल्याबरोबर करावी. गोवर प्रतिबंधक लशीचा पुरावा शाळेत 2020 पासून कायद्याने बंधनकारक आहे. तिचे लसीकरणाचे कार्ड शोधा आणि दोन्ही मात्रांची नोंद नीट वाचता येते का ते पाहा.

आता तुम्ही. चित्रपटात पत्नी सोबत जाते आणि तिचे काय होते ते कुणी सांगत नाही. ब्लू कार्डधारकाच्या पती किंवा पत्नीला तिथे कोणतीही नोकरी करण्याची मुभा असते आणि कुटुंब व्हिसासाठी जर्मन भाषेचा दाखलाही दाखवावा लागत नाही. ही सवलत अनेकांना फसवते. दाखला मागत नाहीत म्हणून भाषा शिकायची राहते, आणि मग बँकेत नऊ वर्षे अधिकारी असलेली स्त्री शाळेच्या पालकसभेत मान डोलावत बसते. पुण्यात जर्मन शिकवणारे मॅक्सम्युलर भवन आहे. या आठ महिन्यांत सायंकाळचा वर्ग लावा आणि दुसऱ्या पातळीपर्यंत (ए-2) तरी पोहोचा. डॉक्टरची वेळ घेणे, शेजाऱ्याशी बोलणे, तुमच्या शिक्षणाला साजेशी नोकरी पुढेमागे शोधणे, सगळे यावर अवलंबून आहे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मला वाटलेला एकटेपणा मुख्यतः भाषेचा होता. डिसेंबरमध्ये तिथे साडेचारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा पुण्यात रात्रीचे नऊ वाजलेले असतात; मला आईशी बोलावेसे वाटायचे त्याच वेळी ती निजायची तयारी करत असायची. हिवाळ्यात हे अंतर साडेचार तासांचे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. फोनची वेळ आधीच ठरवून घ्या, म्हणजे सासूबाईंनाही वाट पाहावी लागणार नाही.

कागदपत्रांत आपल्या मराठी नावांचा घोळ हमखास होतो. लग्नाआधीचे नाव पदवीवर, लग्नानंतरचे बँकेत, मधले नाव कुठे वडिलांचे तर कुठे पतीचे, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव तिसऱ्याच पद्धतीने लिहिलेले. आपल्याला यात काही वावगे वाटत नाही, कारण आपल्याकडे सगळ्यांचे असेच असते, परंतु परक्या कारकुनासमोर त्या तीन वेगळ्या स्त्रिया ठरतात. विवाहनोंदणीचा दाखला, तिघांचे पारपत्र आणि मुलीचा जन्मदाखला एका टेबलावर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा आणि जिथे जुळत नाही तिथे दुरुस्ती आत्ताच सुरू करा. महापालिकेतील दुरुस्तीला वेळ लागतो, आणि मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे अर्ज गेल्यानंतर ती करणे फार त्रासाचे होते.

इथल्या व्यवहारांविषयी थोडक्यात सांगते, कारण बँकेतल्या माणसाला मी काय सांगावे! नोकरीसाठी परदेशी गेल्यावर पतींचे बचत खाते अनिवासी सामान्य (एनआरओ) खात्यात बदलावे लागेल, फ्लॅटसाठी विश्वासू नातेवाइकाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करावे, आणि आधारशी जोडलेला भारतातील मोबाइल क्रमांक रोमिंगवर जिवंत ठेवावा, नाहीतर ओटीपीवाचून सगळेच अडते. सासूबाईंसाठी मात्र व्यवस्था कागदावर आणि माणसांवर, दोन्हींवर हवी. आरोग्य विम्याच्या हप्त्याची तारीख, नेहमीचे डॉक्टर, औषधाचे दुकान आणि रात्री-अपरात्री धावून येऊ शकेल असा एक शेजारी, ही नावे त्यांच्या समोर बसून, त्यांना विचारून ठरवा. त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्या पाठीमागे होऊ नयेत.

पतींशी बोलताना वहीतले प्रश्न जसेच्या तसे वाचून दाखवू नका. 'घर मिळाले नाही तर?' असे विचारले की त्यांना ती शंका वाटते. त्याऐवजी प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने करा, एक नावाचा आणि एक तारखेचा, आणि पहिल्या रकान्यात कुणाचे नाव लिहायचे एवढेच दोघांनी ठरवा. तात्पुरती जागा, पत्त्याची नोंद, आरोग्य विम्यात तुमची व मुलीची नावे घालणे (सरकारी आरोग्य विम्यात न कमावती पत्नी आणि मुले वेगळा हप्ता न भरता येतात), ही कामे त्यांनाच करता येणार आहेत. त्यांचे नाव लिहिले गेले की ती कामे त्यांची होतील. माझा अनुभव असा आहे की पुरुष बहुधा याद्यांना विरोध करत नाहीत, यादी फक्त दुसऱ्याच्या हस्ताक्षरात असते याचा त्यांना त्रास होतो. तेव्हा लेखणी त्यांच्या हाती द्या. त्या यादीत तिथल्या सवयीही येऊ द्या: रविवारी दुकाने बंद असतात, भारतीय वाहन परवाना सहा महिनेच चालतो आणि मग परीक्षा द्यावी लागते. त्या भागातल्या अनेक इमारतींत भाडेकरूंनी आळीपाळीने जिना झाडण्याची 'केरवोखे' नावाची रीतही आहे. तिच्यातला केर मराठी कानाला लगेच कळतो. दारावर ती पाटी लागली की त्या आठवड्याचा जिना तुमचा.

आणि पोळपाट-लाटणे अवश्य न्या. कणीक तिथल्या भारतीय दुकानांत मिळते, पण बसका, जड पोळपाट मला कुठे दिसला नाही. मिक्सरही चालेल, कारण विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट आहे, फक्त पिन बदलावी लागते. तवा मात्र आत्ता घेऊ नका. घर मिळाल्यावर शेगडी कोणत्या प्रकारची आहे ते पतींकडून कळू द्या, कारण इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा तवा तापत नाही आणि लोखंडाचा तापतो.